खिडकीतून दिसलेलं मनगट

माझ्या साडूला मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. एकोणीस वर्षं तो रोज सकाळी माझ्या खिडकीवर यायचा, आणि नातं तर त्याहून जुनं. तरी त्याला गोड आवडायचं की तिखट, रात्री झोप लागायची की नाही, एकटा असला की तो कसला विचार करायचा, यातलं मला काहीच सांगता यायचं नाही. त्याची सही मात्र मी डोळे मिटून करू शकेन. त्याच्या मुलीने सांगितलं, "काका, बाबांबद्दल चार ओळी लिहून द्या." चार ओळी झाल्या नाहीत, हे झालं. तिला द्यावं की नाही कळत नाही, कारण यात तिच्या बाबांबद्दल चांगलं असं फारसं आलेलं नाही. मला लिहायची सवय नाही. खोटं लिहायला गेलो की माझं अक्षरच बिघडतं.

मी बसगाड्यांच्या कार्यशाळेत टूल स्टोअर सांभाळायचो. जाळीची एक खिडकी, तिच्यापुढे हाताच्या घासण्याने गुळगुळीत झालेली लाकडी फळी, आत भिंतीवर खिळे. ज्याला हत्यार हवं त्याने आपला पितळी बिल्ला द्यायचा, मी तो हत्याराच्या जागी खिळ्याला अडकवायचा, वहीत सही घ्यायची. माझ्या ताब्यात चार टॉर्क पाने होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साधा पाना नट आवळतो. टॉर्क पाना नट किती आवळला ते सांगतो. मुठीजवळ फिरवून आकडा लावायचा, सावकाश ओढायचं, तेवढा जोर झाला की तो आतून टक् असा वाजतो. तिथे थांबायचं. आमच्या गाड्यांच्या चाकांचा आकडा होता सहाशे न्यूटन मीटर.

साडू चाकविभागाचा मुख्य फिटर होता. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मी तोंडावर अहो-जाहो करायचो आणि मनात मनगट म्हणायचो. कारण तो माणूस म्हणजे एक मनगट होतं आणि त्याला मागून एक तोंड जोडलेलं होतं. "मला आकडे कळत नाहीत, माझ्या मनगटाला कळतात," असं तो दिवसातून दोनदा तरी म्हणायचा, आणि म्हणून झालं की बाही थोडी वर सरकवायचा. ज्यांनी हे शंभरदा ऐकलं होतं तेही माना डोलवायचे. आमच्या कार्यशाळेत मान डोलवायला कष्ट पडायचे नाहीत, म्हणून ते काम सगळे मन लावून करायचे.

घरीही तेच. कुणाकडे गेला की आधी नळ तपासायचा. गळत नसलेला नळसुद्धा तो आवळून यायचा. आतला रबरी वायसर चेपून जायचा आणि मग नळ खरंच गळायला लागायचा. माझी बायको म्हणजे त्याची मेहुणी. ती कौतुकाने म्हणायची, "भावोजींनी बसवलाय, आता सुटायचा नाही." सुटायचा नाही हे खरं होतं. मी त्याखाली वाटी ठेवायचो. त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या आक्काला, तर स्वतःच्या घरातल्या बरण्या उघडता यायच्या नाहीत. नवरा कामावर गेला की ती बरणी पदराखाली धरून शेजाऱ्यांकडे जायची. त्याला हे कळलं तेव्हा तो खूश झाला.

रोज सकाळी फळीवर बिल्ला आपटून तो म्हणायचा, "साडूबुवा, उठवा तुमच्या बाळाला. की अजून दूध पितंय?"

बाळ म्हणजे चार नंबरचा पाना. मी पाने त्यांच्या पेट्यांत ठेवायचो, झाकण लावून. पेटीत खाली मऊ कापड होतं. संध्याकाळी परत आला की पुसायचा, आणि आकडा उतरवून सर्वांत खालच्या खुणेवर आणायचा. आत स्प्रिंग असते. ती रात्रभर दाबलेली राहिली की थकते, आणि थकलेली स्प्रिंग खोटं बोलायला लागते. दर महिन्याला मी चारही पाने तपासणीच्या यंत्रावर लावून पाहायचो आणि आकडे वहीत लिहायचो. यात काही शौर्य नव्हतं. पण माझ्या हातून आयुष्यात बिनचूक झालेलं असं तेवढं एकच काम असेल.

"आणि तो पाइप द्या," असं तो पुढे म्हणायचा.

पाइप म्हणजे चार फुटी लोखंडी नळी. साध्या पान्याच्या दांड्यावर चढवली की जोर वाढतो. सुरुवातीला मी विचारलं होतं, "पाइप कशाला?"

"घट्ट बसलेले नट सोडवायला. तुमच्या बाळाने सोडवू का? तुम्हीच तर पाटी लावलीय, टॉर्क पान्याने नट सोडवू नये."

पाटी मीच लावली होती. मी पाइप दिला. त्यानंतर रोज दिला.

तो पाइप नट सोडवण्यापुरता नाही, हे मला एका दुपारी कळलं. मोजणीची यादी घेऊन मी चाकविभागात गेलो होतो. गाडी उचललेली, चाक नुकतंच चढवलेलं. साडूने साध्या पान्यावर पाइप चढवला आणि नट आवळले. हाताने आणि शेवटी पायाने. पाइपावर उभा राहून तो दोनदा हिसका द्यायचा. दहाही नट तसे झाले. मग त्याने हात पुसले, चार नंबर उचलला, सहाशेवर लावला आणि एकेका नटाला टेकवत गेला. टक्. टक्. टक्. अर्ध्या मिनिटात दहा. एकही नट केसभर हलला नव्हता.

"ऐकलंत?" तो जमलेल्या दोन ड्रायव्हरांना म्हणाला. "माझं मनगट आणि यंत्र, दोघं एकच बोलतात. कधी वाजला नाही असं झालं नाही."

कधी वाजला नाही असं होणारच नव्हतं. टॉर्क पाना फक्त एवढंच सांगतो, की ओढणाऱ्याचा जोर सहाशेला पोचला. नट आधीच हजारावर आवळलेला असला तरी तो सहाशेला टक् करणार. भरून वाहणाऱ्या बादलीला भरलीस का विचारलं तर ती हो म्हणेल, किती सांडलं ते सांगणार नाही. आणि जास्त आवळलेला नट जास्त भक्कम असतो हा समजही खुळाच. नटाच्या आतला बोल्ट ताणला जातो, ताणून ताणून त्याचा जीव जातो, आणि एक दिवस तो तुटतो.

हे सगळं मला त्या क्षणी कळलं. मी यादीवर खूण केली आणि परत आलो. बोललो नाही. चौदा महिने बोललो नाही. मला कुणाशी वाद घालणं जमत नाही, आणि हा तर साडू. फोरमनला सांगावं तर फोरमन टक् ऐकूनच सह्या करायचा. त्याच्या कागदावर टक्साठी रकाना होता, पाइपासाठी नव्हता. ज्याला रकाना नाही ते घडत नाही, अशी त्या माणसाची समजूत होती, आणि त्या समजुतीच्या बळावर तो निवृत्तीपर्यंत सुखाने पोचला. त्याला मी नावं ठेवतोय, पण पाइप माझ्याच खिडकीतून जात होता आणि वहीत त्याची सहीही मीच घेत होतो.

मग एक गाडी उतारावर डगमगली. मागचं डावं चाक. दोन बोल्ट तुटले होते, तीन नट सैल पडले होते. ड्रायव्हर एक किडकिडीत, कधी आवाज न चढवणारा माणूस होता. त्याला आसनाखालून ठोके जाणवले. त्याने गाडी पहिल्या गियरवर आणून कडेला लावली, उतारूंना उतरवलं. कुणाला खरचटलंही नाही. तुटलेला बोल्ट त्याने सदऱ्याच्या खिशात टाकला, संध्याकाळी कार्यशाळेत आला आणि फोरमनच्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "हा तुमचा." आणि घरी गेला.

चौकशी लागली. मुख्य कचेरीतून एक तपासणीस बाई येणार असं ठरलं. त्याच दिवशी साडूने सगळीकडे सांगायला सुरुवात केली, की पाना खोटा आहे. चार नंबर कमी-जास्त दाखवतो, त्याला म्हणे आधीपासूनच संशय होता. पाना खोटा ठरला तर माझं स्टोअर जाणार होतं. पाना खरा ठरला तर त्याचं मुख्य फिटरपण. तिसरा रस्ता नव्हता.

रविवारी दुपारी तो आक्काला घेऊन आमच्याकडे आला. बायका आत गेल्या. तो थेट मोरीत गेला, नळ आवळला, मग बाहेर येऊन बसला.

"साडूबुवा, बोलायचं होतं."

"बोला."

"तुम्ही एवढंच म्हणा, की पाना थोडा चुकत होता. थोडा. पाच-दहाचा फरक."

"तो चुकत नाही."

"अहो, पान्याला बायको-मुलं आहेत का? त्याला कुणी मेमो देणार आहे? नवीन पाना आणतील. तुम्हाला फार तर टायरच्या गोदामात टाकतील, तिथे तर तुम्हाला आरामच. माझं मात्र नाव जाईल हो. उस्ताद म्हणतात लोक."

मी मोरीत नळाखाली ठेवलेल्या वाटीकडे पाहत होतो. नळ आधी बरा होता, आता टिपूस टिपूस सुरू झालं होतं.

"पाइप का वापरता आवळायला?" मी विचारलं. चौदा महिन्यांनी.

तो हसला. "तुम्हाला काय कळतंय? नट बसला की माझ्या मनगटाला कळतं. पाना तर मागून येऊन फक्त माझी साक्ष काढतो."

तो खोटं बोलत नव्हता. हेच मला सहन होईना. लबाड असता तर निदान थोडी अक्कल तरी होती म्हणालो असतो.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "आक्का रडत होती. तुम्हाला काय फरक पडतो? तुम्ही तसेही कुणाशी बोलत नाही, गोदामात तरी कोण बोलायला येणार आहे?"

"वहीत आकडे लिहिलेत मी."

"वही खाणार आहे का आपल्याला?"

मी उठून नळाखालची वाटी रिकामी केली.

तपासणीस बाई मंगळवारी आल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या, हातात जाड तळाची पिशवी. त्यांनी आधी माझी वही पाहिली. मग चार नंबर स्वतः यंत्रावर लावला. आधी कमी आकड्यावर दोन-तीनदा वाजवून घेतला, आतलं वंगण पसरावं म्हणून. हे करणारं माणूस मी माझ्याखेरीज पहिल्यांदाच पाहिलं. मग सहाशेवर लावून पाचदा ओढला. पाचशे सत्याण्णव, सहाशे चार, सहाशे एक, सहाशे तीन, पाचशे अठ्ठ्याण्णव.

"चार टक्के इकडे-तिकडे चालतं," बाई म्हणाल्या. "हा एका टक्क्याच्या आत आहे."

"टेबलावर कुणीही बरोबर बोलतो, बाई," साडू म्हणाला. "गाडीखाली जाऊन बोलायला पाहिजे."

"चला गाडीखाली."

आख्खी कार्यशाळा मागोमाग आली. मी शेवटी होतो. बाई म्हणाल्या, "रोज करता तसंच एक चाक बसवून दाखवा." मला वाटलं, आता हा पाइप लपवेल, सरळ पाना वापरेल आणि सुटेल. पण त्याने बाही वर सरकवली, पाइप चढवला, पाय दिला, दोन हिसके मारले, आणि मग मोठ्या दिमाखात चार नंबर घेऊन दहाही नट वाजवले. वीस माणसं बघत होती ना. त्याला पाइप लपवायचं सुचलंच नाही. त्याच्या मते तो पुरावाच देत होता.

"बघा," तो म्हणाला. "दहाच्या दहा."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "स्टोअरकीपर कुठे आहेत? हे दहा टक् काय सांगतात?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"मोठ्याने."

"काही सांगत नाहीत," मी म्हणालो. मग सगळे माझ्याकडेच बघायला लागले, तेव्हा बोलण्यापेक्षा करणं सोपं वाटलं. खिशात खडू होता. एका नटावर आणि त्याच्याखालच्या चाकावर सलग अशी एक रेघ मारली. पाना सहाशेवर लावला आणि सावकाश ओढला. टक्. रेघ सरळ. सातशेवर लावला. टक्. रेघ सरळ. आठशेवर लावला. पान्यावरचा तो शेवटचा आकडा. माझं वजन बेताचंच, लोंबकळल्यासारखा ओढला. टक्. रेघ तशीच.

"पाना संपला," मी म्हणालो. "नट अजून हलला नाही."

कुणी मान डोलवली नाही. साडू त्या रेघेकडे वाकून बघत राहिला. बोट लावून बघितलं. बोटाला खडू लागला तो पँटला पुसला.

"आणि हा पाइप कुठून येतो?" बाईंनी विचारलं.

"माझ्या खिडकीतून," मी म्हणालो. "चौदा महिने मला माहीत होतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. त्यांनी वर पाहिलं नाही याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

जाताना साडू माझ्याजवळून गेला आणि हळूच म्हणाला, "जन्मात एकदा तोंड उघडलंत साडूबुवा, तेही माझ्याच विरुद्ध."

निकाल आला. तो साधा फिटर झाला, त्याच विभागात. मला लेखी समज मिळाली, पण खिडकी राहिली. पाइप कुलपात गेला, नट सोडवायला हवा असेल तर फोरमनची चिठ्ठी लागेल असं ठरलं. फोरमनला रकाना नव्हता म्हणून काहीच झालं नाही. बोल्ट आणून ठेवणाऱ्या ड्रायव्हरला कुणी शाबासकी दिल्याचंही मी ऐकलं नाही.

वर्षभर साडू आमच्या घरी आला नाही. त्या वर्षात आमचा नळ गळला नाही. खिडकीवर मात्र रोज यायचाच. बिल्ला न आपटता ठेवायचा, सही करायचा, पाना घ्यायचा. आता सरळ पान्यानेच आवळायचा. टक् झालं की थांबायचा, आणि थांबताना असं तोंड करायचा की जणू कुणीतरी त्याचं ताट अर्ध्यावरून उचललंय. पुढे हळूहळू त्याची जीभ सैल झाली. "बाळाला सर्दी आहे का हो, आज आवाज बसलाय," असं काहीतरी. मी हसायचो नाही.

एक खोड त्याने शेवटपर्यंत ठेवली. संध्याकाळी पाना परत करताना तो सहाशेवरच ठेवून आणायचा. इतर तिघेही फिटर आकडा उतरवून आणायला शिकले, हा नाही. मी शंभरदा सांगितलं असेल, स्प्रिंग थकते. तो म्हणायचा, "मी दिवसभर थकतो, तिला एक रात्र थकू दे." मग मी त्याच्यादेखत मूठ फिरवून आकडा खाली आणायचो, आणि तो ते फळीला टेकून पूर्ण बघायचा. मला वाटायचं, मला राबवण्यात त्याला मजा येते. दुसरंही काही असेल. मी विचारलं नाही. मी कुणाला काही विचारत नाही. त्याला हीन लेखणं सोपं होतं, आणि मी सोपं तेच केलं. वर त्याने मला कधी निराशही केलं नाही.

तो एका रविवारी दुपारी गेला. खुर्चीत बसल्या बसल्या. निवृत्तीला पाच महिने होते. लोक जमले. फोरमन म्हणाला, "मनगट सोन्याचं होतं." सोनं मऊ असतं, हे मी बोललो नाही. आक्काने मला आत बोलावून एक बरणी पुढे केली. तिला ती उघडत नव्हती. मलाही उघडली नाही.

पण मला आदल्या दिवसाचं लिहायचं होतं. शनिवारी पाळी सुटताना तो खिडकीवर आला. बाकीचे गेले होते. त्याने चार नंबर फळीवर ठेवला, पुसलेला. मी सवयीने मूठ धरली आणि ती हातात सैल खुळखुळली. आकडा उतरवलेला होता. सर्वांत खालची खूण दोनशेची. तीही ओलांडून, कशालाच न धरलेल्या जागी त्याने मूठ नेऊन ठेवली होती. ही चूक मी त्याआधी कुणी केलेली पाहिली नव्हती. स्प्रिंग दाबून ठेवू नये एवढंच मी त्याला एकोणीस वर्षं सांगत आलो होतो. पुढचं सांगायची वेळच आली नव्हती.

"झोपवलंय बघा तुमचं बाळ," तो म्हणाला.

"फार उतरवलात. दोनशेच्या खाली न्यायचा नसतो. आतले भाग जागा सोडतात."

"घ्या. चढवला तरी बोलणार, उतरवला तरी बोलणार."

"दोनशेवर ठेवायचा. ना वर, ना खाली."

"मग आणा की दोनशेवर. हात मोडलेत का?"

मी मूठ फिरवून दोनशेवर आणली. त्याने बिल्ला उचलला.

"सही राहिली," मी म्हणालो.

"सोमवारी करतो."